सायबर आणि राष्ट्रीय सुरक्षेचे खटले: सरकारी वकील व्हायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीच्या एका कंपनीत काही वर्षं नेटवर्क सिक्युरिटीचं काम, सोबत एलएलबीचं दुसरं वर्ष. पुढे सरकारच्या बाजूने सायबर दहशतवाद, हेरगिरी, यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) असे खटले चालवायची इच्छा. वाट कोणती, तांत्रिक ज्ञानाचा उपयोग किती, आणि पोलिसांच्या बाजूने उभं राहताना मन अडत नाही का? शिवाय घरचे म्हणतात, चांगली नोकरी सोडू नकोस.

मी ठाण्याच्या सत्र न्यायालयात बरीच वर्षं सरकारी पक्षाचं काम करते आहे. आधी खून-दरोडे, मग मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा), मग सायबर आणि सुरक्षेची प्रकरणं. त्या अनुभवावरून लिहिते.

पोलिसांचा प्रश्न तुम्ही जवळजवळ शेवटी विचारलात, मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. सरकारी वकील राज्याची बाजू मांडतो, तपास यंत्रणेची नव्हे. याला सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल आहे आणि तो आपल्याच वसई-विरारकडच्या प्रकरणातून आला: हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. टाडाखाली, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली, तपासाची मुदत वाढवून घ्यायची तर सरकारी वकिलाचा अहवाल लागायचा. न्यायालयाने बजावलं की सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा अर्ज पुढे ढकलणारं पोस्ट ऑफिस नव्हे. त्याने कागद वाचावेत, स्वतः विचार करावा आणि मुदतवाढ खरंच हवी असेल तरच मागावी. टाडा गेला, पण ती तरतूद यूएपीएच्या कलम ४३-डी मध्ये आजही आहे. ९० दिवसांत तपास संपला नाही, तर सरकारी वकिलाच्या अहवालावर न्यायालय मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते सांगते. मुदत संपायला दोन दिवस उरलेले असतात. संध्याकाळी बोर्ड (त्या दिवशीची प्रकरणं) संपल्यावर तपास अधिकारी येतात, हातात टाइप केलेला मसुदा. ‘मॅडम, फक्त सही.’ मसुद्यात असतं की तपास महत्त्वाच्या टप्प्यावर आहे, मोबाइलचा फॉरेन्सिक अहवाल यायचा आहे, आरोपी सुटला तर साक्षीदारांवर दबाव आणेल. हे सगळं खरं असू शकतं. तरी मी विचारते: मोबाइल कलिन्याच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेत कधी पाठवला? पोच दाखवा. त्यानंतर स्मरणपत्र किती वेळा गेलं? कोणाचा जबाब राहिला, आणि तो घेण्यासाठी आरोपी आतच कशाला हवा? उत्तरं मिळाली की मी माझा अहवाल माझ्या शब्दांत लिहिते. नाही मिळाली तर सही करत नाही. अधिकारी नाराज होतात, कधी वरून फोन येतो. तो फोन शांतपणे घेऊन तेच उत्तर पुन्हा देता आलं पाहिजे. तुमच्याकडे दुसरं काही नसेल तरी हे हवं.

यूएपीएमध्ये जामीन किती कठीण आहे हे तुम्ही वाचलं असेलच. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. म्हणजे माझ्या एका ढिल्या सहीने एखादा माणूस दोषी ठरण्याआधीच वर्षानुवर्षं तळोजाच्या तुरुंगात राहू शकतो. खटला लांबला आणि नजीकच्या काळात संपायची चिन्हं नसली, तर या कडक कलमालाही न जुमानता जामीन देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सांगितलं. त्यामुळे खटला वेगाने चालवणं ही सरकारी पक्षाची गरज आहे. साक्षीदार हजर ठेवा, तारखा मागू नका.

आता मंजुरी, म्हणजे खटला चालवायला सरकारची किंवा वरिष्ठांची लेखी परवानगी. बाहेरच्या लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण खटले इथेच मरतात. यूएपीएखाली सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. पुरावा तपासणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाला सात कामाचे दिवस, त्यानंतर सरकारला सात. ही मुदत बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२४ चा निकाल आहे, फुलेश्वर गोपे प्रकरणातला. मोक्कामध्ये गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी आणि दोषारोपपत्रानंतर दखल घेण्यासाठी अपर महासंचालक दर्जाची मंजुरी लागते. हेरगिरीसाठी १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लावला, तर पोलिसांचं दोषारोपपत्र पुरत नाही. सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने रीतसर तक्रार दाखल करावी लागते. मंजुरी देणारा अधिकारी साक्षीला आला की बचावाचे वकील पहिला प्रश्न विचारतात: तुमच्यापुढे नेमके कोणते कागद होते? साहेब गडबडले तर पुढचा सगळा तांत्रिक पुरावा तसाच पडून राहतो. म्हणून मी मंजुरीची फाइल दोषारोपपत्राच्या आधी वाचते.

तुमच्या तांत्रिक ज्ञानाचा उपयोग किती? पुष्कळ. पण तुम्हाला वाटतो त्या जागी नाही. न्यायाधीशांना फायरवॉल समजावून सांगण्याची वेळ क्वचित येते. उपयोग होतो तो चुकीचा कागद न्यायालयात पोचण्याआधी ओळखण्यासाठी.

एक नेहमीचा नमुना घ्या. परदेशी कंपनीकडून लॉग (वापराची नोंद) आला: अमुक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), वेळ १८:४०. पोलीस ठाण्यातून मोबाइल कंपनीला पत्र गेलं की त्या तारखेला संध्याकाळी सहा चाळीसला हा आयपी कोणाकडे होता ते कळवा. आता तो लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत आहे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं झालेली, म्हणजे तारीखसुद्धा पुढची. त्यातच पत्रात पोर्ट नंबर (त्या आयपीवरची एकेक जोडणी ओळखायचा आकडा) नाही. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एका वेळी अनेक ग्राहकांना वापरायला देतात. पोर्टशिवाय त्यातला नेमका माणूस सापडत नाही. कंपनी भलीमोठी यादी पाठवते. त्या यादीतला एखादा मुंब्र्याचा किंवा डोंबिवलीचा मुलगा, ज्याचा कशाशीच संबंध नाही, चौकशीला बोलावला जातो. हे पत्र तुम्ही पाच मिनिटांत दुरुस्त करू शकता. मात्र ते पहिल्या आठवड्यात करावं लागतं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. त्यानंतर ते मिळतील याची खात्री नाही. दोषारोपपत्र हातात आल्यावर चूक सापडली तर उपयोग शून्य.

दुसरी जागा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राची. जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-बी आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, अ भाग उपकरण ज्याच्या ताब्यात किंवा व्यवस्थापनाखाली आहे त्याने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू (फाइलीचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहायची. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिक्कामोर्तब केलं, तेही आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. वाद उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला की काय याचा होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण. अधिकारी प्रमाणपत्र देत नसतील तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं, हेही त्या निकालात आहे आणि मी ते वारंवार वापरते. ब भागातला तज्ज्ञ नेमका कोण, यावर मात्र न्यायालयांत अजून झगडावं लागतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नव्या संहितेच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. चांगली तरतूद आहे. पंच फितूर झाला तरी चित्र बोलतं. पण ते चित्रीकरण हाही इलेक्ट्रॉनिक पुरावाच, त्याला वेगळं ६३ चं प्रमाणपत्र लागतं. लॅपटॉपचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं, लॅपटॉप जप्त करतानाच्या चित्रीकरणाचं नसतं, असं मी अनेकदा पाहिलंय. पंचनाम्यात हॅश व्हॅल्यू नसते, किंवा कोणीतरी कुतूहलापोटी जप्त केलेला लॅपटॉप पोलीस ठाण्यात उघडून पाहिलेला असतो आणि फाइलींच्या वेळा बदललेल्या असतात. मुद्देमाल खोलीच्या नोंदवहीत सीलचा उल्लेख नसतो. बचावाच्या वकिलाला एवढं पुरतं.

राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की दिल्ली डोळ्यांसमोर येते. पण तुम्ही राहता तिथेच बघा. ठाणे-बेलापूर रस्त्याला रबाळे, महापेला डेटा सेंटर उभी आहेत, महाराष्ट्र सायबरचं कार्यालयही महापेलाच आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा संगणक ठप्प करणारा मालवेअर पसरला तेव्हा न्हावा-शेव्यातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. युक्रेनमध्ये सुरू झालेल्या हल्ल्याचा फटका उरणच्या रस्त्यावरच्या ट्रकचालकाला बसला.

आणि १२ ऑक्टोबर २०२०. त्या दिवशी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बिघाड आपल्याच कळवा, पडघा, खारघरच्या वाहिन्यांवर होता. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने एक अहवाल काढला की भारताच्या वीजक्षेत्रात चिनी गटाने शिरकाव केलाय. लगेच राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले की महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालानुसार हा सायबर घातपात असू शकतो. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की ती मानवी चूक होती.

हे उदाहरण मी माझ्या ज्युनिअरना नेहमी देते. समजा या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ एफ चा, म्हणजे सायबर दहशतवादाचा खटला तुमच्याकडे आला. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. तुम्हाला काय सिद्ध करावं लागेल? यंत्रणेत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडलं हे एक. त्याच मालवेअरमुळे त्या सकाळी ती वाहिनी बंद पडली हे दुसरं, आणि ते पहिल्यापेक्षा फार कठीण. ते अमुक माणसाने सोडलं हे तिसरं. आणि देशाच्या एकतेला, सुरक्षिततेला धोका पोचवण्याच्या किंवा लोकांत दहशत पसरवण्याच्या हेतूने सोडलं हे चौथं. मंत्र्याचं निवेदन यातलं काहीच सिद्ध करत नाही, मग ते राज्याचं असो की केंद्राचं. खासगी कंपनीच्या अहवालावरही भिस्त ठेवता येत नाही, त्याचा लेखक साक्षीला उभा राहिल्याशिवाय. रिमांडच्या पहिल्या दिवशी ६६ एफ लावला की बातमी मोठी होते. कलमातले घटक भरत नसतील तर ते लावू नका, हे तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी सांगणं आपलं काम आहे. नुसत्या संशयावर देश सावध राहू शकतो, राहिलाच पाहिजे. माणूस तुरुंगात ठेवायला पुरावा लागतो.

फोन टॅपिंगबद्दलही हेच. आदेश गृह सचिवाचा लागतो, ६० दिवसांचा, वाढवला तरी एकूण १८० दिवसांपर्यंत, आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ती संभाषणं नष्ट करायला सांगितलं, कारण लाचेच्या त्या प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचं कारणच दिसत नव्हतं. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द आदेशात टाइप केल्याने कारण निर्माण होत नाही.

परदेशातल्या पुराव्याचा एक धडा ठाण्याकडे घरचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली पोरं अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवून तिकडच्या लोकांना अटकेची भीती घालत आणि पैसे उकळत. संगणक, स्क्रिप्ट, फोन सगळं इथे हाती लागलं, पण फसलेली म्हातारी टेक्सासमध्ये. तिचा जबाब, तिच्या बँकेचे कागद, तिचा फोनचा तपशील कसा आणायचा? त्याला अमेरिकेशी २००५ पासून लागू असलेला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार आहे, विनंतीपत्र नव्या संहितेच्या कलम ११२ खाली जातं, गृह मंत्रालयातून. वेळ लागतो, खूप लागतो. म्हणून विनंती पहिल्या महिन्यात निघाली पाहिजे, आणि त्यात मागणी मोघम असता कामा नये. तिकडचा अधिकारी नेमकं खातं, नेमकी तारीख आणि गुन्ह्याशी संबंध विचारतो. साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सवर घेता येते. २००३ च्या डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणापासून तो दरवाजा उघडा आहे, आणि तोही महाराष्ट्राचाच खटला होता. सुरक्षेच्या प्रकरणांतही सर्व्हर बहुतेक वेळा बाहेरच असतो. तुमच्यासारख्या इंजिनिअरने लिहिलेलं विनंतीपत्र आणि फौजदाराने घाईत लिहिलेलं, यातला फरक मला दिसतो.

वाटेबद्दल थोडक्यात. मॅजिस्ट्रेट कोर्टातला सहायक सरकारी अभियोक्ता एमपीएससीच्या परीक्षेतून येतो आणि गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली काम करतो. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलांची नेमणूक विधी व न्याय विभाग मुदतीवर करतो, त्यासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते. विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षं. एनआयएच्या सरकारी वकिलालाही सात. सीबीआयचे सरकारी वकील यूपीएससीतून भरले जातात. लष्कराची जज ॲडव्होकेट जनरल शाखा (लष्कराचा कायदा विभाग) वेगळी, तिथे वयाची मर्यादा कडक आहे. कोर्टात उभं राहायचं नसेल तर मंत्रालयं आणि नियामक संस्थांना सल्ला देण्याचं, नियमांचे मसुदे लिहिण्याचं कामही आहे, पण तुम्ही खटल्यांबद्दल विचारलंत.

यात तुम्ही एक चूक टाळा: थेट ‘सायबर लॉयर’ होऊ नका. पहिली काही वर्षं चांगल्या फौजदारी सीनिअरकडे साधे खटले करा. मारामारी, चोरी, हुंडा, खून. पंचाला कसं विचारायचं, फितूर साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यायची, कागदाला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) कधी लावून घ्यायची, जामीन अर्जाला से (लेखी म्हणणं) कसा लिहायचा, हे तिथेच कळतं. डिप्लोमा आणि प्रमाणपत्रं या सगळ्याची जागा घेत नाहीत. बचावाच्या बाजूनेही काम करा, निदान काही काळ. आरोपीच्या आईशी कोर्ट नाक्याच्या टपरीवर बोललेला वकील पुढे सरकारी खुर्चीत बसला की कागद वेगळ्या नजरेने वाचतो.

आणि मराठी पक्की करा. ठाण्याच्या कोर्टात फिर्याद, पंचनामा, जबाब मराठीत असतात. ‘सदर इसमाने’ने सुरू होणारा चार पानी जबाब वाचून त्यातला तांत्रिक घोळ शोधायचा आहे.

नोकरीचं. वकिलीची सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. ज्युनिअरला सुरुवातीला जे पैसे मिळतात त्यात ऐरोलीचं घरभाडं निघत नाही. घरच्यांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नका. एलएलबी संपेपर्यंत नोकरी ठेवा, दोन-तीन वर्षांचा खर्च बाजूला काढा, मगच सोडा.

तोवर तुमची नोकरी हीच उमेदवारी आहे. तुमच्या कंपनीला माहिती मागणाऱ्या पोलिसांच्या नोटिसा येत असतील, नव्या संहितेच्या कलम ९४ खाली. त्या हाताळणाऱ्या विभागाला मदत करायची परवानगी मागा. नोटीस कुठे अपुरी असते, उत्तर द्यायला किती वेळ जातो, प्रमाणपत्रावर सही करायला कोण घाबरतं आणि का, हे आतून शिका. कंपनीचे कागद मात्र बाहेर काढायचे नाहीत. अधूनमधून रजा टाकून ठाण्याच्या सत्र न्यायालयात येऊन बसा. खटले खुल्या न्यायालयात चालतात, कोणाची ओळख लागत नाही. फॉरेन्सिक तज्ज्ञाची किंवा मोबाइल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याची (पोलिसांना माहिती पुरवणाऱ्या अधिकाऱ्याची) साक्ष ज्या दिवशी असेल तो दिवस निवडा, आणि सरतपासणीपेक्षा (स्वतःच्या बाजूच्या वकिलाने घेतलेल्या साक्षीपेक्षा) उलटतपासणी लक्ष देऊन ऐका.